देवश्रीच्या पहिल्या रायफलीबाबत

मी, वासुदेव त्रिंबक घैसास, वय बासष्ट, मेकॅनिकल इंजिनियर, मूळचा चिपळूणचा, गेली सतरा वर्षं जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळच्या खेड्यात राहणारा, हे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. इथल्या कायद्याप्रमाणे टाइप केलेलं चालत नाही, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलंही चालत नाही. सगळं आपल्याच अक्षरात लागतं. माझा हात आता थरथरतो, म्हणून या मजकुराला चार दिवस लागले. सकाळचं औषध घेतल्यावर दोनेक तास डोकं स्वच्छ असतं, तेवढ्यातच लिहिलं आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आहे ते वेळेचं. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात उतरला आहे आणि डॉक्टर आता महिन्यांची भाषा बोलत नाहीत.

याआधी मी कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर, बाग आणि गाडी माझी पत्नी संध्या हिला. बँकेतलं जे असेल त्याचे तीन सारखे वाटे करावेत, एक संध्याचा, एक मुलगा हृषिकेशचा, एक मुलगी देवश्रीचा. त्यावर कोणी वाद घालू नये. शिकारीचं मांस ठेवायचा गॅरेजमधला मोठा फ्रीझर संध्याने खुशाल विकावा. इतक्या वर्षांत तिने तो एकदाही उघडला नाही. "अहो, गॅरेजातलं गॅरेजातच ठेवा," एवढंच म्हणाली आणि माझ्यासाठी वेगळी कढई काढून दिली. तिच्या स्वयंपाकघरात मी कधी मांस नेलं नाही. या घरात मी पाळलेला हा एकमेव शब्द असावा.

२. माझा थोरला भाऊ भास्कर, राहणार पुणे, यास काही नाही. मी शिकार करतो हे कळल्यावर आईच्या वर्षश्राद्धाला त्याने माझं पान व्हरांड्यात मांडलं आणि वर म्हणाला, "वासू, खाटकाने पंगतीत बसू नये." हे कलम मी रागावून लिहीत नाही, असं लिहिणार होतो. रागावूनच लिहीत आहे.

३. मायक्रोमीटर, व्हर्नियर, टॉर्कचे पाने आणि लेथची सगळी हत्यारं गावातल्या दुरुस्तीच्या वर्कशॉपला द्यावीत. तेलाचा हात फिरवून द्यावीत.

४. माझ्या नावावर दोन बंदुका आहेत. छऱ्याची जुनी बंदूक शेजारी हाइनरिश लुडेके यांना. इथलं रान मला त्यांनीच दाखवलं. मक्याच्या शेतात रानडुकरं शिरली त्या वर्षी ते मला मचाणावर घेऊन गेले, आणि ऑफिसात दिवसभर तुटक जर्मन बोलून शिणलेल्या माणसाला तीन तास कोणाशी काही बोलावं लागत नाही, एवढ्यावर मी परवान्याची परीक्षा दिली. दुसरी बंदूक म्हणजे तीनशे मॅग्नमची रायफल. ती कोणालाही देऊ नये, विकू नये. लुडेके यांनी ती हत्यारखात्याच्या कचेरीत नेऊन नष्ट करायला द्यावी आणि तशी पावती संध्याला आणून द्यावी.

हीच रायफल देवश्रीला हवी आहे. ती सतरा वर्षांची आहे, वसंतात तिने किशोरांचा शिकार परवाना मिळवला, येत्या मार्चमध्ये अठराची होईल आणि मग स्वतःच्या नावावर रायफल घेऊ शकेल. तोवर मी नसेन. म्हणून सप्टेंबरमध्ये, चालता येत होतं तोवर, मी तिला शहरातल्या दुकानात घेऊन गेलो. निदान कोणती घ्यायची ते ठरवून ठेवू म्हटलं.

दुकानदाराने तीन रायफली काढून ठेवल्या. देवश्रीने एकीलाही हात लावला नाही. "पापा, इश विल डाइनऽ," म्हणाली. मला तुमचीच हवी. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर नेहमी जर्मनमध्ये येतं.

"माझी नाही मिळायची," मी म्हणालो.

"का? तुम्ही तिनेच तर शिकार करता. मला तुमची आठवण म्हणून हवी आहे. नवीन काय करू?"

दुकानदार गालात हसला. वडिलांची रायफल मागणारी मुलगी त्याला गोड वाटली असणार. मी त्याला तिन्ही रायफली परत ठेवायला सांगितल्या.

मी तिला बाहेर गाडीत बसवलं आणि सहा वर्षांत कोणालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. ती पुढच्या कलमात लिहितो. ती ज्याची आहे त्याच्यासाठी.

५. हृषिकेश, हे कलम तुला आहे.

तुला अठरावं लागलं तेव्हा तुझी पहिली रायफल मी निवडली. तुला विचारलं नाही. लुडेके म्हणाले होते, "घैसास साहेब, पोरासाठी फार मोठी आहे. साधी, कमी धक्क्याची द्या. मोठी पुढे केव्हाही घेता येते." मी म्हणालो, आमच्यात वस्तू एकदाच घेतात, जन्मभरासाठी. तीनशे मॅग्नम घेतली, माझ्या नावावर, तुझ्या हातात. नेमबाजीच्या मैदानावर चौथ्या गोळीला तुझा खांदा काळानिळा झाला. बार होण्याआधीच तू अंग आवळून डोळे मिटायला लागलास. मी म्हणालो, सवय होईल. तू ऑक्टोबरभर शनिवारी एकटा मैदानावर जात राहिलास. कशाला, ते मी विचारलं नाही.

त्या नोव्हेंबरात आपल्या रानात शिशाच्या गोळ्या बंद करून तांब्याच्या वापरायचं ठरलं. मी तांब्याची पेटी आणली आणि तुझ्या हातात दिली. गोळी बदलली की मारा सरकतो, म्हणून रायफल पुन्हा कागदावर मारून तपासायची असते, तिच्यावरची दुर्बीण जुळवायची असते. हे परीक्षेत विचारतात. मी इंजिनियर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गिअरबॉक्स तपासून सह्या केल्या. त्या आठवड्यात ऑफिसात गडबड होती म्हणून मी तपासली नाही, आणि तुला सांगितलं, "तपासली आहे."

संध्याकाळी उजेड असताना शंभर मीटरवर ती हरिणी उभी राहिली, आडवी, तोंड उजवीकडे. तू गोळी झाडलीस. ती पोटात लागली. हरिणी पडली, उठून काटेरी झुडपात गेली आणि सापडली नाही. दुसऱ्या सकाळी लुडेक्यांच्या कुत्रीने तिला शोधलं. ती जिवंत होती. लुडेक्यांनी गोळी घालून तिला हालांतून सोडवलं. तू तिच्यापासून दोन पावलांवर उभा होतास.

मग शिकारीला आलेल्या सहा माणसांसमोर मी जे बोललो ते मी जर्मनमध्ये बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून. ज्याला डोळे उघडे ठेवून चाप ओढता येत नाही, त्याने जनावरांचे हाल करायला रानात येऊ नये, असं बोललो. तू मराठीत म्हणालास, "बाबा, मी डोळे उघडे ठेवले होते."

मी म्हणालो, "खोटं बोलू नकोस."

पुढच्या रविवारी मी रायफल घेऊन मैदानावर गेलो. त्याच पेटीतल्या तीन गोळ्या, वाळूच्या पिशवीवर टेकवून. तिन्ही एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लागल्या, मध्याच्या खाली आणि डावीकडे, जवळजवळ वीतभर. हरिणीच्या खांद्यामागून वीतभर डावीकडे म्हणजे पोट.

तू डोळे उघडे ठेवले होतेस. तुझा नेम बरोबर होता. गोळी मी चुकवली होती.

त्या दिवशी मी दुर्बीण जुळवली, कागद घडी घालून मैदानावरच्या कचऱ्यात टाकला आणि घरी आलो. तू जेवायच्या टेबलाशी बसला होतास. तेव्हा सांगता आलं असतं. संध्या पोळ्या करत होती. मी वाढून घेतलं आणि जेवलो. जानेवारीत तू कोलोनला निघून गेलास, रेडिओत आवाजाचं काम शिकलास, हे मला आईकडून कळतं. आईचा फोन तू घेतोस, माझा घेत नाहीस. मी सहा वर्षं तीच रायफल वापरली. एकही जनावर जखमी होऊन गेलं नाही, म्हणून लोक माझ्या हाताची तारीफ करत आणि मी ती ऐकून घेत असे.

गाडीत हे ऐकल्यावर देवश्री चार दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्याकडे दिवस किती आहेत हे तिला माहीत होतं, तरी नाही बोलली, आणि ते बरोबरच होतं. पाचव्या दिवशी खोलीत आली, औषधाचा ट्रे बाजूला सरकवला आणि माझ्यासमोर कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. "त्याला लिहा," म्हणाली. मग, तिला अवघड जाणाऱ्या मराठीत, "मराठीत लिहा. मला वाचता येत नाही. दादाला येतं."

मी तुला तीन पत्रं लिहिली. तिन्ही न उघडता परत आली. फोन केले. एकदा तू उचललास, मी "हृषी" म्हणालो आणि तू ठेवलास. संध्या म्हणाली, "अहो, मी सांगते त्याला." मी नको म्हणालो. माझं पाप तिच्या तोंडून जायला नको. मग लुडेक्यांनी सुचवलं की इथे माणूस गेला की वारसा-न्यायालय इच्छापत्र उघडतं आणि प्रत्येक वारसाला त्याची प्रत पोस्टाने पाठवतं. न्यायालयाचं पाकीट कोणी परत करत नाही. म्हणून हे इच्छापत्र आहे. नुसत्या घर आणि गाडीसाठी मी चार दिवस खर्ची घातले नसते.

लुडेक्यांना मी सगळं सांगितलं आहे. त्या सकाळी तिथे असलेल्यांपैकी चौघं अजून आहेत. लुडेके हे कलम जर्मनमध्ये त्यांना वाचून दाखवतील, पुढच्या शिकारीच्या सकाळी, शिकार सुरू झाल्याचं शिंग वाजण्याआधी, सगळ्यांसमोर. ही विनंती नाही, ही माझी अट आहे.

६. देवश्रीच्या रायफलीसाठी माझ्या रकमेतून आधी पैसे बाजूला काढावेत, उरलेल्याचे मग तीन वाटे. ती डावखुरी आहे, डोळाही डावाच लागतो, तेव्हा डाव्या हाताने ओढायचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा खटका, असलेलीच घ्यावी. दुकानदार म्हणेल उजव्याची सवय होते. ऐकू नये. कॅलिबर साडेसहा बाय पंचावन्न. इथल्या हरणांना आणि डुकरांना कायद्याने चालतं आणि खांद्याला सोसवतं. फार हलकी घेऊ नये, हलकी जास्त धक्का देते. दस्ता तिच्या हाताच्या मापाने कापून घ्यावा. ती अजून थोडी वाढेल, तर कापलेला तुकडा जपून ठेवावा. आवाज कमी करणारी नळी बसवावी, तिचे कान तरुण आहेत. दुर्बीण स्वस्त नको. आणि पहिल्या वर्षाच्या मैदानाच्या सरावाला पैसे राखून ठेवावेत, तेवढ्यासाठी रायफल जुनी घ्यावी लागली तरी चालेल.

मी हे सगळं लिहिलं आणि पुन्हा वाचलं. पुन्हा तेच केलं आहे. मीच निवडली आहे. देवश्री, वरचं सगळं फक्त माहिती समज. तुला दुसरी आवडली तर दुसरी घे. रायफल नकोशी झाली तर त्या पैशांचं तुला हवं ते कर.

७. हृषिकेश, शेवटचं. मार्चमध्ये देवश्रीबरोबर दुकानात आणि मग मैदानावर तू जावंस असं मला वाटतं. या जागी मी आधी लिहिलं होतं की तू गेला नाहीस तर तुझा वाटा कमी करावा. ते वाक्य मी खोडलं आहे आणि खोडल्याजागी सही केली आहे. तुझा वाटा तुझाच आहे, तू गेलास तरी आणि न गेलास तरी.

मी जाण्याबद्दल एवढ्यासाठी म्हणतो की लुडेके आता चौऱ्याहत्तरचे आहेत आणि संध्याला यातलं काही कळत नाही. सरावाची बनावट काडतुसं मिळतात, त्यांत दारू नसते. तिच्या नकळत चारांतलं एक तसं भर. चाप ओढल्यावर बार झाला नाही आणि नळीचं टोक खाली झुकलं, तर ती धक्क्याला घाबरते आहे. मग त्या दिवशी सराव बंद कर, तिला घरी आण, काही बोलू नकोस. झुकलं नाही तर, ती घाबरत नाही, हे तिला सांग. लगेच सांग, तिथल्या तिथे.

रायफल तांब्याच्या गोळ्यांनी तपासून घे. तपासली, असं तिला कोणी सांगितलं, मग ते कोणीही असो, तरी तू स्वतः तपास.

हे तुझ्या हातात पडेल तेव्हा मला जाऊन काही आठवडे झालेले असतील. तू काय म्हणालास ते मला कळणार नाही. मी तरी विचारतो आहे. जाशील का तिच्याबरोबर?

हा मजकूर सात पानांचा आहे. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. खाडाखोड एकच, कलम सातमध्ये, वर सांगितलेली.

स्थळ: ब्राउनश्वाइगजवळ, राहतं घर
दिनांक: २३ ऑक्टोबर २०२५, सकाळी पावणेअकरा

(सही) वासुदेव त्रिंबक घैसास

साक्षीदार. इथल्या कायद्याला ते लागत नाहीत, पण आमच्याकडच्या रीतीने घेतले आहेत.

१. डॉ. ऊर्मिला पेंडसे, ब्राउनश्वाइग. वरील गृहस्थांना मी आज तपासलं. ते पूर्ण शुद्धीवर असून आपण काय लिहीत आहोत हे जाणतात. त्यांना मी दोनदा विश्रांती घ्यायला सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही.
(सही)

२. हाइनरिश लुडेके, शेजारी. मला ही लिपी वाचता येत नाही. त्यांनी मला सगळं जर्मनमध्ये सांगितलं, मी ते लिहून घेतलं आणि ते खरं मानतो. मी ते त्या सकाळच्या माणसांना वाचून दाखवीन. त्या सकाळी मीही त्या मुलावर विश्वास ठेवला नव्हता.
(सही. हा मजकूर त्यांच्या सांगण्यावरून संध्या घैसास यांनी मराठीत उतरवला.)