विसर्जन न झालेली माती

बाबा, यंदाही मी चतुर्थीला गावी जाऊन आले. गणपती आता आम्ही कट्ट्याच्या बाजारातून आणतो. तुमची मूर्ती घडवायची गणपतीची शाळा बंद झाली, त्या पडवीत भावाची स्कूटर उभी असते. पण लिहायला बसले ते त्याबद्दल नाही. आपल्या मळ्यातल्या मातीबद्दल लिहायचं आहे, त्या एका पोत्याबद्दल, ज्यानं इतक्या वर्षांनंतरही माझी पाठ सोडलेली नाही.

चौऱ्याऐंशीचा मे असावा. मुंबईला प्रयोगशाळेत लागून मला थोडीच वर्षं झाली होती. अणुभट्टीच्या कामातून जे किरणोत्सारी पाणी उरतं, ते चिकणमातीतून गाळलं तर त्यातलं विष माती आपल्या पोटात धरून ठेवते. कुठली माती किती धरते हे आम्ही तपासत होतो, गावोगावची माती मागवत होतो. मला मेलीला आपलीच माती आठवावी! मी पत्र टाकलं आणि तुम्ही पोतं पाठवलंत ते कसं? माती चाळून, मळून, तिच्यात कापूस घालून, मूर्तीला लागतात तसे गोळे वळून. साहेब हसले नाहीत इतकंच. मी चिडून दुसरं पत्र लिहिलं, की नुसती माती हवी आहे, तिचे लाड नकोत. दुसरं पोतं बिनकापसाचं आलं. तरी आपल्या पडवीत चाळलेली माती ती, एखादा तंतू राहायचाच. ती नळीत भरून वरून ते पाणी सोडलं, तेव्हा जाड काचेपलीकडे मला तो कापसाचा तंतू दिसला. तुम्हीच आत हात घालून बसला आहात असं वाटलं. खालून आलेलं पाणी जवळजवळ निर्धोक होतं. सगळे खूश झाले, मीही झाले.

त्या चतुर्थीला मी घरी आले ती मिरवतच. तुम्ही पडवीत मूर्तीचे डोळे रेखताय, भिंतीला लोकांनी आपापल्या मूर्तीसाठी आणून दिलेले पाट टेकवलेले आहेत. "बाबा, तुमची माती पास झाली," मी सांगते. "एकदा धरल्यान की सोडणा नाय."

"आणि आता ती खंय आसा?" तुम्ही मान वर न करता विचारता.

मी सांगते, की सिमेंटात कालवून पिंपात भरली आणि पिंप काँक्रीटच्या खंदकात ठेवलं.

"मगे इसर्जन कधी?"

मला हसू येतं. विसर्जन कसलं बाबा, दहाबारा पिढ्या तिला पाण्याचा थेंब लागता कामा नये, लागला तर माणसांच्या जिवावर बेतेल, असं मी समजावते. तेव्हा तुम्ही कुंचला खाली ठेवता.

"खणलंय मी, चाळलंय मी. आजपावत माझ्या हातची माती पाण्यात गेल्याबिगर रवली नाय गो. ती तशीच अडकान रवतली?"

माझ्याकडे उत्तर होतं. ते बरोबरही होतं. मी ते दोनदा दिलं आणि तुम्ही पुन्हा कुंचला उचललात.

विसर्जनाच्या संध्याकाळी व्हाळावर, गावच्या ओढ्यावर, आरती झाली, गणपती पाण्यात गेला, आणि तुम्ही धोतराच्या सोग्यातून मातीचा एक छोटा गोळा काढलात. मळ्यातलाच. पाण्यात धरून तो बोटांनी विरघळवत बसलात. लोक निघून गेले तरी उठला नाहीत. मी विचारलं, "बाबा, ह्या काय?"

"दर्यात गेलेल्याचा मढा गावला नाय तर दर्भाचो पुतळो करून जाळतत ना? तसाच ह्या. तिचो जीव सुटूक व्हयो."

मला राग आला होता. मातीला कसला जीव, असं मी म्हणालेही. पुढे दरवर्षी तुम्ही तो गोळा नेत राहिलात आणि मी तोंड फिरवून उभी राहत राहिले. शेवटच्या आजारपणात तुम्ही मला शाळा चालव म्हणाला नाहीत, श्राद्ध घाल म्हणाला नाहीत. "तेवढो गोळो चुकवू नको गो," एवढंच म्हणालात.

मी चुकवलेला नाही. पण नोकरी संपली तरी ती माती मला निवृत्त होऊ देत नाही. पावसाचा जोर वाढला की मला तो खंदक दिसतो, त्याच्या भिंतीला कुठे चीर तर गेली नसेल ना, असं वाटतं. अंधारात, कोरडी, घट्ट मूठ वळून ती बसली आहे. तिची मला दया येते बाबा, आणि भीतीही वाटते.

हे पत्र कुठे टाकणार? कपाटात राहील. तुम्हाला तोंडावर कधी सांगता आलं नसतं ते एवढंच, की व्हाळात तो गोळा बोटांतून सुटत जातो तेव्हा मी तुमच्यासारखी हात जोडते, लोकांना वाटतं लेक बापाचं मागणं पुढे चालवते आहे, आणि मी दरवर्षी देवाला विनवते की ती माती सुटावी हे माझ्या बापाचं मागणं ऐकू नकोस.