पानावरची प्रार्थना

थाटीपुर, ग्वाल्हेर
रविवार, ऑक्टोबर १९५६

प्रिय आईस,
शांतवनचा प्रभूमध्ये सलाम.

आम्ही खुशाल आहोत. तुझा खोकला कसा आहे? सलोमीने तिच्या सासूबाईंसाठी, म्हणजे तुझ्यासाठी, मफलर विणायला घेतलाय.

पुढच्या महिन्यात आमचं राज्य मध्य प्रदेशात मिळणार आणि कचेरी भोपाळला जाणार. काळजी करू नकोस, नोकरी पक्की आहे. फक्त सगळीकडचे कारकून आता एका यादीत बसवतायत. नाव वर लागलं तर हेडक्लार्क होईन. यादी करणारे साहेब घरी रविवारीच भेटतात, म्हणून चर्च जरा राहिलंय. घरी प्रार्थना मात्र रोज करतो.

काल जेवणाआधी प्रार्थनेची पाळी तुझ्या नातीची होती. सुवार्ताने डोळे मिटले आणि म्हणाली, "प्रभुजी, बाबा का नाम ऊपर करवा दीजिए. आमेन." पानातल्या भाकरीबद्दल आभाराचा एक शब्द नाही! मी रागावलो, तर म्हणते, "बाबा, तुम्ही पण असंच तर म्हणता."

सलोमी मान खाली घालून वाढत राहिली.

आज साहेबांकडे गेलो नाही, चर्चला गेलो. ठरवलं होतं, काही मागायचं नाही. गुडघे टेकले, आणि आई, बोलायला दुसरं काही सुचेचना. साहेबांच्या ओसरीवर आत्ता कोण बसलं असेल, तेच डोक्यात.

तू डोक्यावर पदर घेऊन तासभर प्रार्थनेला बसायचीस. घरात तेव्हा काही नसायचं, पण तुला मागताना मी कधी ऐकलं नाही.

काय बोलायचीस गं त्याच्याशी? तेवढं कळव.

तुझा,
शांतवन