धरायचं की सोडायचं

१२ जानेवारी

गेलं.

अकरावा आठवडा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुष्कळ जणींना होतं असं, तुमचं काही चुकलं नाही. मी "बरं" म्हटलं. गोळ्या जेवणाआधी की नंतर ते विचारलं. येताना उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो. प्रसेनजीत सारखा हॉर्न वाजवत होता. मला काही घाई नव्हती.

रडू येत नाही. काहीच येत नाही.

१३ जानेवारी

कॉलेजला ताप म्हणून कळवलं. दुसरं काय कळवणार? दिवस गेलेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तीन महिने भरेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक! सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. आता जे आल्याचंच माहीत नाही ते गेलं म्हणून कुणाला सांगू?

स्टाफरूममधून मेसेज – काळजी घ्या मॅडम, गवती चहाचा काढा घ्या. काढा!

१५ जानेवारी

सासूबाई जयसिंगपूरहून एसटीने आल्या. मी त्यांना आत्ती म्हणते. डबाभर मेथीचे लाडू आणलेत. आल्या आल्या माझ्या पायांना तेल चोळलं. मग म्हणाल्या, "ह्ये मोजायचं न्हाई बघ, प्रीती. टिकलं न्हाई त्ये मनात धरायचंच न्हाई." प्रसेनजीत दारात उभा. "पुढच्या वेळी," म्हणाला.

मी मान हलवली. लाडू चांगले झालेत.

१६ जानेवारी

दिवसभर झोपले.

१९ जानेवारी

गोल्फ क्लबाचा ग्रुप पेटलाय. राजवर्धन, तो बांधकामवाला, सकाळच्या गमतीच्या फेऱ्यांत वाघ असतो. स्पर्धेत मात्र हात कापतात. म्हणून त्याचं म्हणणं, हँडिकॅप काढताना गमतीच्या फेऱ्याही धरा. आकडा जितका कमी तितका गडी पक्का; त्याला मिरवायला तो कमी करून हवाय, दुसरं काय! त्यावर आमचे कमिटीचे अध्यक्ष अमरसिंहकाका दोन मिनिटं व्हॉइस नोटवर ओरडलेत. "गमतीच्या फेरीत तुमी चेंडू लाथंनं सरकवताय! ह्ये धरायचं व्हय?" शेवटी घोंगडं माझ्या गळ्यात. "मॅडम, तुमी स्टॅटिस्टिक्सच्या. तुमीच तोडगा काढा." डोक्याला शॉट.

आत्तींनी विचारलं, ह्ये हँडिकॅप म्हंजे काय गं? सांगितलं – आधी कसं खेळलात त्यावरून ठरतं, कच्च्या गड्याला किती सूट द्यायची ते.

"मग सगळ्याच फेऱ्या धरा की! सोडायच्या कशाला?"

हे यांनी म्हणावं! मी गॅस बारीक केला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

२६ जानेवारी

प्रसेनजीतने बळंच ग्राउंडवर नेलं. मोकळं वाटेल म्हणे. ऊन छान होतं. चेंडू मारला की जातो, आपण मागून चालायचं. बरं वाटलं असंही नाही, वाईट वाटलं असंही नाही.

हिरवळीवर माझा चेंडू भोकापासून हातभर लांब. "दिलं," म्हणाला. म्हणजे गेलाच असं समजायचं आणि उचलायचा, गमतीच्या फेरीत चालतं तसं. पुढच्या भोकाला परत दिलं. त्याच्या पुढच्याला चार हातांवरून दिलं! माझं सगळंच आपलं गेलंय असं धरून चाललाय गडी. सातव्याला मी म्हटलं, देऊ नकोस. मारू दे मला. चुकू दे. मारला. चुकला. परत मारला, गेला.

"एवढं मनाला लावून नको घेऊस गं, गमतीची तर फेरी आहे."

कुठे लावून घेतलंय! मला काही वाटतच नाही, हीच तर पंचाईत आहे.

२९ जानेवारी

आत्ती गेल्या. घर एकदम शांत. बस मिळाली का ते विचारायचं राहिलंच.

२ फेब्रुवारी

कमिटीची मीटिंग. मिसळ, कट, मग भांडण.

गमतीची फेरी धरायला अमरसिंहकाका तयार झाले, पण माझ्या अटींवर. पहिला फटका मारायच्या आधी ग्रुपवर सांगायचं, ही फेरी धरायची. नंतर चांगली झाली म्हणून "धरा" चालणार नाही, आणि वाईट झाली म्हणून "सोडा" तर मुळीच नाही. एकदा सांगितलं की सांगितलं! बरोबरच्या एकाने सही करायची. "दिलं" बंद.

मी हे सगळं फळ्यावर लिहीत होते. 'आधी सांगायचं' लिहिलं आणि खडू तिथेच थांबला. आमच्यात नेमकं उलटं. आधी सांगायचं नाही. म्हणजे बिघडलं तर आपोआप सुटलं, कुणाला पत्ता नको. किती सोयीचं! मला खूप एकटं वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं.

मग राजवर्धनने विचारलं, फेरी अर्ध्यात सोडावी लागली तर? पाय मुरगळला, पाऊस आला?

"सोडून द्यायची," काका म्हणाले. "पुरी झाली न्हाई ती फेरीच न्हवं."

"धरायची," मी म्हटलं.

"आवो मॅडम, शेवटच झाला न्हाई तर—"

"जेवढी झाली तेवढी झाली ना? झालीच नाही कसं म्हणता? धरायची म्हणजे धरायची!"

मी ओरडत होते. स्वतःच्या लक्षात आलं तेव्हा सगळे मिसळ खायचे थांबले होते. काका हळू आवाजात म्हणाले, "आकडेवारी तसं सांगतीया व्हय?"

"आकडेवारीचं राहू द्या. मी सांगतेय."

"बरं बाई. धरा."

प्रसेनजीत कोपऱ्यात बसला होता. त्याने वर बघितलंच नाही. गाडीत म्हणाला, "तू फेरीबद्दल बोलत नव्हतीस." मी म्हटलं, नव्हते. रंकाळ्याला एक चक्कर मारली आणि घरी आलो.

२१ फेब्रुवारी

तपासणीला नवीन ठिकाणी गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आधी कधी दिवस गेले होते?" मी तोंड उघडायच्या आत प्रसेनजीत "नाही" म्हणाला. मी दुरुस्त केलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे.

जिन्यात म्हणाला, सॉरी, पटकन तोंडातून गेलं. खरंच गेलं असेल. डोळे लाल होते त्याचे. त्यालाही कुणी विचारलं नाही, हे मला आज सुचलं. चिडायला हवं होतं मी. जमलं नाही. येताना कोथिंबीर घेतली.

९ मार्च

राजवर्धनने पहिली फेरी जाहीर करून धरायला लावली. एकशे सात फटके! आता तोंड लपवत फिरतोय. ग्रुपवर हशा. मीही हसणारा चेहरा टाकला. खरं नव्हते हसत.

१८ मे

दोन रेघा. सकाळी सहाला.

प्रसेनजीत न्हाणीच्या दारातच खाली बसला. मग दूधवाला आला, त्याला मी सांगून टाकलं. बिचारा पिशवी हातात धरून "अभिनंदन वैनी" म्हणाला! बहिणीला फोन केला. मग आत्तींना.

"आत्ती, दिवस गेलेत."

"अगं बाई! कवा कळलं?"

"आत्ताच. आणि मी सगळ्यांना सांगणार आहे. आजच. तुम्ही नको म्हणू नका."

मला वाटलं, आता ओरडा बसणार.

"बरं. सांग," म्हणाल्या. "जपून ऱ्हा बाई. दुसरी खेप हाय तुजी."

दुसरी! त्यांनीच म्हटलं. फोन ठेवला आणि रडले – जानेवारीपासून पहिल्यांदा.