एकशेचाराव्या स्तोत्राची खुंटी

डाकोटा प्रांत,
कापणीनंतरचा रविवार

आदरणीय ओस्लौगताईस, समुद्रापलीकडून धाकट्या एलिंगचे नम्र वंदन. तुझे गुडघे आणि तुझी गाय या उभयतांची प्रकृती कशी आहे ते कळवावे. (प्रार्थनेत मी गुडघ्यांचे नाव आधी घेतो.)

येथे प्रभुकृपेने गहू उत्तम आला. मी मात्र शेजारणीची सीमाखूण पळवणारा म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध झालो आहे. अशा माणसाला शास्त्रात कोणता शाप आहे हे तुला काय सांगावे? लहानपणी तूच तो माझ्याकडून घोकून घेतलास.

झाले ते असे. वसंतात गोवऱ्या वेचत असता (येथे झाड औषधालाही नाही, चूल रानरेड्यांच्या वाळल्या शेणावर पेटते) गवतात रोवलेली एक चौकोनी लाकडी खुंटी दिसली. तिच्यावर कोरले होते १०४, आणि खाली १४. ताई, ज्याने गावच्या देवळात जन्मभर स्तोत्रे सांगितली, त्याने आणखी काय समजावे? एकशेचारावे स्तोत्र, चौदावी ओवी. गुरांसाठी गवत उगवविणाऱ्या परमेश्वराची! आणि सभोवार क्षितिजापर्यंत गवतच गवत. कोणा भाविक वाटसरूने ही साक्ष ठेवली असावी, या विचाराने माझे डोळे पाणावले. खुंटी मी उपटली, धुतली आणि माझ्या मातीच्या घराच्या दारापुढे सन्मानाने रोवली. ते आकडे सरकारी मोजणीदाराचे आहेत, आणि ती खुंटी माझ्या व शेजारच्या विधवा तुरीनेबाईंच्या जमिनीमधली आहे, हे मज पामराला कोठून ठाऊक असणार?

तुरीनेबाईंना ठाऊक होते. त्यांनी खुंटीचा रोख धरून नांगर घातला, तो माझ्या बटाट्यांतून थेट उंबऱ्यापर्यंत.

"बाई, हे माझे बटाटे आहेत!"

"असतील. पण खुंटी सरकारची आहे. बाजूला व्हा, गुरुजी, बैल माझं ऐकत नाहीत."

"ती खुंटी नव्हे, स्तोत्र आहे!"

सारा प्रकार ऐकून बाई नांगरावरच बसल्या आणि अशा हसल्या की बैलसुद्धा थांबले. "माझ्या पलीकडच्या खुंटीवर तेरा आहे. ती कोणती ओवी?"

"डोंगरांवर पाऊस पाडणाऱ्याची."

"मग ती चुकून इथे आली. डोंगर कुठाय इथे?"

खुंटी आम्ही मूळ खड्ड्यात परत रोवली. तेव्हा दिसले की अंदाजाने बांधलेले माझे घर संपूर्णपणे बाईंच्या जमिनीत उभे आहे; केवळ पश्चिमेची भिंत सीमेला टेकते. आपल्या जमिनीवर न राहणाऱ्याचा हक्क कायद्याने बुडतो. हिवाळा तोंडावर, आणि मातीचे घर काही उचलून नेता येत नाही. मी शास्त्रातल्या ईयोबाच्या दुःखांचा दाखला देऊ लागलो.

"ईयोबाला बसू द्या. पश्चिमेला एक खोली जोडा, ती तुमच्या जमिनीत येईल. तिथे झोपा. माणूस झोपतो कुठे ते कायदा विचारतो, जेवतो कुठे ते नाही."

"आणि ही जुनी खोली?"

"ती माझ्या जमिनीत आहे ना? मग तिथे मी राहीन. माझं छप्पर गळतं, आणि तुमची चूल धूर करत नाही."

खोली बांधून झाली. जमीन वाचली.

तुझा आज्ञाधारक,
एलिंग

ता. क. येथे वारा फार. बायकांच्या शाली उडतात. आईच्या लग्नातली चांदीची, लोलकांची पिन तुझ्याकडे आहे, ती पाठवशील का? पिन आली तर तुझा आशीर्वाद आला असे समजेन. न आली तर टपालाला दोष देईन.

पुनश्च: नवराबायकोला मिळून कायदा एकच जमीन देतो, म्हणून दोघांच्या जमिनींचे कागद हाती आल्यावरच पाद्री येतील. तोवर मधल्या भिंतीला दार नाही, केवळ कॉफी देण्याघेण्यापुरती खिडकी आहे. ती तुरीनेने आखली. आज मोजली, मी न वाकता तिच्यातून जातो.