संपला, तरी पहिला नंबर

४ जून. सकाळी.
आजपासून रडणं बंद, धंदा सुरू. हे गेल्यापासून कंगव्यांच्या दुकानाची वेबसाइट लेक सांभाळते, पण तिला नोकरीही आहे. मी वाचून वाचून शिकेन. यांनी माझ्यासाठी केलेला डावखुऱ्यांचा कंगवा इंटरनेटवर शोधला, तर आमचं पान पहिलं! खाली 'संपला' असं लिहिलंय. फोटोत माझ्या अंगठ्यासाठी कोरलेल्या खोबणीत यांचा अंगठा. नखावर करवत लागल्याची खूण.

७ जून.
लेक म्हणाली, आई, ते पान काढू या. कंगवा एकच होता, तो तू वापरतेस. मी म्हटलं, पान धंद्यासाठी ठेवलंय. कंगव्याला कसला आलाय डावा-उजवा, असंही म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचार.

१२ जून.
आज उलगडलं. कॅटेगरी पेज म्हणजे सगळ्या कंगव्यांचं पान. प्रॉडक्ट पेज म्हणजे एकाच कंगव्याचं. लेखांत म्हणतात, नुसतं 'लाकडी कंगवा' शोधणाऱ्याला सगळ्यांचं पान दाखवावं, त्याला निवड हवी असते. या लेख लिहिणाऱ्यांचं कुणी गेलेलं दिसत नाही. माणूस शोधतो तो एकालाच. घोळक्याला कोण शोधतं? तेव्हा 'लाकडी कंगवा' हे नाव यांच्या पानाला दिलं. सगळ्यांच्या पानावर लिहिलं, 'इतर'.

१९ जून.
यश! 'लाकडी कंगवा' टाकलं की यांचंच पान पहिलं. शिवाय वेबसाइटवर 'आज पान पाहणारे' वेळेसकट दिसतात; रोज कुणीतरी बघायला येतं. चहाच्या वेळी, जेवणानंतर, दिवेलागणीला. घेत काही नाही. संपलाय हे माहीत असूनही येतं. याला म्हणतात निष्ठा. मोठं गिऱ्हाईक असणार. घाई करायची नाही.

२७ जून.
मिस्त्री आले होते. यांच्या हाताखाली शिकले, आता सगळे कंगवे तेच करतात. म्हणाले, वहिनी, ऑर्डर येईनाशा झाल्यात. घरात पाऊल ठेवायला जागा नाही इतके कंगवे, आणि माझ्या डोक्यावर केस नाहीत. मी म्हटलं, धीर धरा, आपण पहिल्या नंबरवर आहोत. ते म्हणाले, नंबराने चूल पेटत नाही, वहिनी.
त्यांना इंटरनेटमधलं कळत नाही.

३ जुलै.
लेकीने वेबसाइटवाल्याला घरी आणलं. त्याने विचारलं, हे 'इतर' कुणी लिहिलं? मी पंख्याकडे पाहिलं. लेक म्हणाली, पंख्याने नाही लिहिलं, आई. मी माझा फोन पुढे केला. बघा, पहिला नंबर. त्याने लेकीच्या फोनवर तेच शोधलं. आम्ही पहिल्या पानावर नाही. दुसऱ्यावर नाही. पुढचं बघणं लेकीनेच थांबवलं.
तो हळूच म्हणाला, काकू, तुम्ही रोज तेच उघडता, म्हणून तुमचा फोन तुम्हाला ते आधी दाखवतो. तुम्हालाच.
मी निष्ठावान गिऱ्हाइकाचं विचारलं. त्याने माझ्याच फोनकडे बोट दाखवलं. लेकीने माझा हात धरला. डावा.

५ जुलै.
'इतर' पुसून पुन्हा 'लाकडी कंगवे' लिहिलं. मिस्त्रींना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, जाऊ द्या वहिनी, मीही त्यांचा डबा अजून खुंटीवरून काढलेला नाही.
यांचं पान वेबसाइटवाला काढणार होता. लेकच आडवी आली. आता पान आहे, पण शोधणाऱ्याला दिसणार नाही. ज्याला पत्ता पाठ आहे, त्यालाच उघडेल. हिशेबी निर्णय. माझा पाठिंबा आहे.

८ जुलै.
मिस्त्रींना ऑर्डर आली. सगळ्यांचं पान वर सरकतंय. बरं झालं. मीही ठरवलंय, यांचं पान आता उघडायचं नाही. सकाळी चहाला नाही उघडलं. जेवणानंतरही नाही.

दिवेलागणी.
पान नीट चालतंय ना, एवढंच तपासलं. धंद्यासाठी.
आज पान पाहणारे : एक.