एका विद्यार्थ्याचं लोकराज्य

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात). तुझा रक्तदाब काय म्हणतो? भावोजी गेल्यापासून तू दोन वेळा नीट जेवतेस ना? मी उत्तम आहे. पुढे हे वाक्य खोटं ठरलं तर दुर्लक्ष कर.

निवृत्तीनंतर मी दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत पाश्चात्त्य राजकीय विचारांच्या इतिहासाचा वर्ग घेतो, हे तुला ठाऊक आहेच (तू हसलीस ते फोनवरही ऐकू आलं होतं). पहिल्या दिवशी पाचजण होते. राज्य शहाण्यांनी करावं हे ग्रीकांचं म्हणणं मी इतक्या तळमळीने मांडलं की तिघांना वाटलं मी निवडणुकीला उभा राहतोय. ते पुन्हा फिरकले नाहीत. चौथ्या बाई पोप आणि राजांच्या भांडणात गळाल्या. उरले एक निवृत्त पोस्टमन. पहिल्या बाकावर डुलक्या काढायचे, पण यायचे अगदी वेळेवर. राज्य नव्हतं तेव्हा जो तो दुसऱ्याला घाबरायचा, म्हणून सगळ्यांनी बसून करार केला, असं मी सांगत होतो, तर ते खडबडून जागे झाले. "पण सर, माणूस साफ एकटाच असेल तर घाबरणार कुणाला?" मी घड्याळ बघून तास संपवला. रविवारी दुपारी घरात एकटाच बसलो असताना फ्रिजची घरघर अचानक थांबली आणि उत्तर सापडलं. (ते लिहीत नाही. फ्रिज तुझ्याकडेही आहे.)

पुढे लोकप्रतिनिधींच्या सरकारापाशी आलो, तेव्हा वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेतली. पोस्टमन एकटेच उमेदवार. त्यांनी स्वतःच्याच विरोधात मत दिलं. मग मी माझं एक आणि वर अध्यक्षाचं एक अशी दोन मतं टाकून त्यांना निवडून आणलं (हुकूमशाही अशीच सुरू होते, पण करतो काय). पुढच्या गुरुवारी त्यांनी लेखी राजीनामा दिला. शेजारच्या खोलीत त्यांच्या मिसेसचा चित्रकलेचा वर्ग होता, तो संपला. म्हणजे इतके महिने ते माझ्यासमोर बसून बायकोची वाट बघत होते! मला राग यायला हवा होता, पण आला हेवा.

आता वाचनालयाच्या बाई म्हणतात, हजेरीपटावर एक तरी नाव दाखवा, नाहीतर खोली बुद्धिबळवाल्यांना देते.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : सोबत प्रवेशअर्ज आहे. नुसती सही करून पाठव, यायची गरज नाही.

ता. क. २ : यायची गरज आहे. मागच्या गुरुवारी खोलीत कुणीच नव्हतं, तरी मी पूर्ण तास घेतला. आणि तो चांगला झाला, याचीच मला भीती वाटते.

ता. क. ३ : वर्गात झोपलीस तरी चालेल. तास संपला की उठवेन, मग दोघं मिळून घरी जाऊ.