साहेबांच्या जागी दुसरे साहेब

मंचर,
दि. १० फेब्रुवारी २००४

आदरणीय कुंडलिक मामा यांस,

तुमचा भाचा धम्मपाल आणि सूनबाई प्रज्ञा यांचा सप्रेम जयभीम. तिळाच्या तेलाने तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि निगडीच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली असेल, असं धरून चालतो (झाली नसेल तर गुडघ्याचं विचारण्यात अर्थ नाही). रवींद्रदादा आणि वहिनी बरे असावेत. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. सगळे म्हणजे माणसं.

घरात फोन असताना याला पत्र कुठून सुचलं, असं तुम्ही म्हणाल. मामा, गेल्या दोन आठवड्यांत तीनदा फोन झाला. तिन्ही वेळा तुम्ही “साहेब कसा हाय?” असं विचारलंत आणि तिन्ही वेळा मी “मजेत” म्हणालो. फोनवर माझ्या तोंडून खरं निघत नाही, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो आहे. चहा घेऊन मग वाचा.

सत्त्याण्णव साली कालव्याचं पाणी बंद झाल्यावर गेटखालच्या डबक्यात तुम्हाला बोटभर वाम मासळी सापडली. ती तुम्ही जेवणाच्या डब्यातून कालवा खात्याच्या पिंपरी पेंढारच्या क्वार्टरवर आणलीत, मागच्या हौदात सहा वर्षं सांभाळलीत आणि ऑफिसच्या वेळेत कधीच तोंड दाखवत नाही म्हणून तिचं नाव साहेब ठेवलंत. हे तुम्हालाच सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे, पण ज्याने घोळ घातला त्याने मुळापासून सांगावं. तुम्ही रिटायर झालात, क्वार्टर सोडून निगडीला रवींद्रदादांकडे जावं लागलं आणि वहिनींनी सापासारखं काही घरात नको म्हणून सांगितलं. तेव्हा छाती काढून पुढे झालो तो मीच. त्यात माझा स्वार्थ होता. आई गेल्यापासून तुम्ही आमच्याकडे येणंच टाकलं होतं. बहीण नाही त्या घरी कारणाशिवाय जायचं नाही, हा तुमचा बाणा. साहेब आमच्याकडे असले तर त्यांच्या पाठोपाठ मामाही येतील, एवढाच माझा डाव होता. आईकडचं आता तुमच्याशिवाय मला कोण आहे?

टाकी मी हायवेवरच्या बंद पडलेल्या एका हॉटेलातून उचलली. फॅमिली सेक्शनमध्ये असायची ती, तीन फुटी, रंगीत खड्यांची, एका कोपऱ्याला तडा गेलेली. तडा मी बुजवला, पंप दुरुस्त केला, आत बल्ब बसवला (वीज मंडळात लाइनमन असून घरात एवढं केलं नाही तर लोक हसतील). झाकणाला पंपाच्या नळीसाठी पेल्याएवढं भोक होतं. नळी बारीक, भोक मोठं. हवा खेळती राहील म्हणून मी ते तसंच ठेवलं. त्या भोकाचा विचार मी आता रोज करतो.

सहाव्या दिवशी सकाळी टाकीत कोणी नव्हतं. साहेब मोरीच्या उंबऱ्याशी सापडले. वीतभर पुढे ओल होती, मामा. तेवढी वीत त्यांना जमली नाही. मी तिथेच खाली बसलो आणि मला रडू आलं. प्रज्ञाने पाठीवर हात ठेवला, मग म्हणाली, “आता मामांना काय सांगनार?” त्या घडीला खरं सांगितलं असतं तर निदान पुढचं काही घडलं नसतं. पण तुमचा पहिला मुक्काम आठ दिवसांवर आला होता, आणि साहेब नाहीत म्हटल्यावर तुम्ही पुन्हा या दारात कशाला याल, या भीतीने मी सायकल काढली आणि कळंबच्या पुलाखाली जानकूकडे गेलो. घोड नदीच्या पात्रात जाळी टाकणारा तो, तुमच्या ओळखीचाच.

वाम निवडणं हे मुलगी बघण्यापेक्षा अवघड आहे. मुलगी बघायला गेलं तर निदान कोणी वजन विचारत नाही. जानकूचा पहिला प्रश्न, “किती मान्सं जेवायला?” बघायला पाहिजे म्हटल्यावर तो माझ्याकडेच बघत राहिला. मग त्याने मनगटाएवढी जाड एक काढली. ती आमच्या टाकीत उभी राहिली असती, आडवी मावली नसती. दुसरी पेन्सिलीएवढी. ती मी आणली. रंगीत खड्यांवर तिचं नाक सोललं, म्हणून खडे काढून नदीची बारीक वाळू भरली, तर ती वाळूत शिरली आणि चार दिवस दिसलीच नाही. आम्ही चार दिवस वाळूची टाकी बघत बसलो. ती परत केली. तिसरी मात्र बेताची होती, दीड हात लांब, पिवळसर, पाठीवर साहेबांसारखीच नागमोडी नक्षी. “राव, हिचं कालवन लई झ्याक व्हईल,” एवढं बोलून जानकूने ती पिशवीत घातली. लपायला प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा ठेवला आणि साहेबांच्या जागी दुसरे साहेब रुजू झाले. या खेपेला शहाणपण सुचलं होतं, म्हणून झाकणावर प्रज्ञाचा पाटा आडवा ठेवला. प्रज्ञाचं वाटण मिक्सरवर आलं आणि तिने ते आठ दिवस ऐकवलं.

जुलैत तुम्ही आलात. निगडीच्या बागेतली गांडुळं औषधाच्या बाटलीत घालून आणलीत (वॉचमनने हटकलं तर कालव्याचं आयकार्ड दाखवलंत म्हणे), टाकीसमोर खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, “वळखलं मला त्यानं!” मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण नंतर तुम्ही रात्री राहिलात, आईच्या लहानपणीच्या गोष्टी काढल्यात, प्रज्ञाच्या हातची भाकरी मागून घेतलीत. पुढच्या महिन्यात पुन्हा आलात, त्याच्या पुढच्या महिन्यातही. येताना दारातच सांगायचात, “मी काय तुमच्यासाठी येत न्हाई, साहेबासाठी येतो.” म्हणा ना! मला चालत होतं. खोट्या साहेबांवर खरे मामा मिळत होते.

आता जानेवारीचा चौथा रविवार, तुमचा नेहमीचा. त्या आठवड्यात माझ्या सासूबाई साळूबाई महाळुंगे पडवळहून आल्या होत्या. तुम्ही जेवायला येणार हे त्यांना कळलं होतं. मी तुम्हाला आणायला स्टँडवर, प्रज्ञा अंगणवाडीच्या कार्यक्रमाला. घरात सासूबाई, वाटणाचं सामान आणि गेलेली लाइट (हेही माझ्याच खात्याचं). मिक्सर बंद म्हणून त्यांनी पाटा शोधला. तो काचेच्या टाकीवर, आणि पाट्याखाली पाण्यात जिवंत वाम! मामा, तुम्हीच सांगा, त्यांचं काय चुकलं? त्यांच्या गावी पाहुणा यायचा असला की वाम आदल्या दिवशी आणून हंड्यात जिवंत ठेवतात, पळू नये म्हणून झाकणावर जड वस्तू ठेवतात. जावयाने मामांसाठी एवढी तजवीज केली म्हणून बाईंना माझं कौतुकच वाटलं. पाटा वाटणाला घेतला आणि साहेब कालवणाला.

तुम्ही आल्या आल्या टाकीसमोर बसलात. अर्धा तास वाट पाहिलीत. थंडी आहे, पाइपात बसले असतील, असं मीही म्हणालो, कारण तोवर मलाही तसंच वाटत होतं. मग ताटं आली, आणि पहिल्या वाढपातच मला त्या तुकड्यावरची नक्षी दिसली. सासूबाई कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. मी नुसता भात खाल्ला. पोट बिघडलंय का, असं तुम्ही विचारलंत, मी हो म्हणालो. तुम्ही मात्र दोनदा रस्सा मागून घेतलात, भाकरीने ताट पुसलंत आणि म्हणालात, “साळूबाई, घोडंच्या पान्याची चव हाय याला.” संध्याकाळी एसटीत बसताना गांडुळांची बाटली माझ्या हातात दिलीत. पुढच्या खेपेला दिसेल, म्हणालात.

तर असं आहे. सहा वर्षांचे साहेब मी सहा दिवसांत घालवले आणि दुसरे तुम्हालाच वाढले. जी शिक्षा द्याल ती भोगायला तयार आहे. फक्त रागात का होईना, उत्तर लिहा. प्रज्ञाचा जयभीम वर घातलाच आहे, सासूबाईंचा नमस्कार (त्यांना अजून काही सांगितलेलं नाही, सांगूही नये).

तुमचा अपराधी भाचा,
धम्मपाल

ता. क. – बाटलीतली गांडुळं कढीपत्त्याच्या कुंडीत सोडली आहेत. कढीपत्ता जोरात आहे.

ता. क. दुसरा – वर प्रामाणिकपणाचा जो आव आणला आहे तो खोडायचा होता, पण कागद वाया जाईल. खरं म्हणजे कबुली द्यायची नव्हतीच. परवा जानकूकडे तिसरे साहेब बघायला गेलो होतो. मला बघून तो हसायलाच लागला. म्हणाला, “तुमचं मामा आगस्टात हितं उतरलं व्हतं. म्हनलं, माझ्या भाच्यानं तुज्याकडनं वाम नेली का? म्या व्हय म्हनलो. तर म्हनलं, त्याला बोलू नगं, न्हाईतर मला त्याच्या घरी यायला निमित्त राहायचं न्हाई.”

मी जानकूकडून काही न घेता परत आलो. टाकी धुऊन पालथी घातली आहे आणि पाटा प्रज्ञाला परत दिला आहे. चौथ्या रविवारी या. दाखवायला काही नाही. जानेवारीत रस्सा मागून घेताना तुम्हाला काय काय ठाऊक होतं, ते मात्र मला कधीही सांगू नका.